बांधावर अंजनी लाव

नाशिक

प्रिय रमेश,
सप्रेम नमस्कार.

दिंडोरीच्या मळ्याच्या बांधावर काय लावावे, असे तू विचारले होतेस. शोभेची विलायती झुडपे मनातून काढून टाक आणि अंजनी लाव, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ही आपल्या सह्याद्रीची मूळ रहिवासी. इगतपुरीकडच्या घाटमाथ्यावर ती बारा महिने हिरवीगार असते, आणि तिची जाड, तुकतुकीत पाने ऐन उन्हातही मलूल होत नाहीत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तिला बहर येतो, तेव्हा ती जरूर पाहा. फुलोरे पानांच्या बेचक्यांत तर येतातच, पण पाने झडलेल्या जुन्या फांद्यांवरही दाटीने लगडतात, त्यामुळे सगळी फांदीच निळ्याजांभळ्या रंगात बुडालेली दिसते. एकेक फूल हरभऱ्याच्या दाण्याएवढे, पाकळ्या चार आणि पुंकेसर आठ. त्या दिवसांत झुडपाजवळ उभे राहिले की आग्या आणि सातेरी मधमाश्यांची अखंड गुणगुण कानी येते.

तू कांद्याचे बी धरतोस, म्हणून हे मुद्दाम लिहितो. डेंगळ्याच्या, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्याच्या, एका फुलातले पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून परागीकरणासाठी माशी लागतेच. परंतु डेंगळ्याचा फुलोरा काही आठवड्यांचा, माशीला मात्र वर्षभर खायला हवे. बांधावर आपल्या मातीतली झाडे असतील तर पोळी परिसरात टिकायला मदत होते. फुले असताना कीटकनाशक मारू नकोस, आणि मारणे भागच पडले तर सायंकाळी, माश्या परतल्यावर मार.

फुलांमागून बोराहून लहान, गोल फळे धरतात. ती हिरव्याची पिवळी, मग लाल आणि शेवटी काळीजांभळी होतात. टोकाला पुष्पकोशाची बारीक कडी तशीच राहते. बुलबुल ती आवडीने खातात. आत बी एकच असते आणि ते ताजेच पेरावे.

एक गोष्ट मात्र मनाशी धर. अंजनी फार सावकाश वाढते, आणि दिंडोरीला घाटाइतका पाऊस नाही, तेव्हा सुरुवातीचे काही उन्हाळे तिला पाणी द्यावे लागेल. तिला काटेही नसतात, म्हणून गुरे अडवायला बाहेरच्या अंगाला करवंदाची ओळ लाव.

बांधाची लांबी कळव, म्हणजे पावसाळ्यापूर्वी रोपांची सोय करतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक