ओढ्याकाठचे एकर विकू नका

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "ओढ्याकाठचे एकर काढून टाकू, तुम्ही घर घ्या." त्यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत आणि बाबांना कागदावर मांडलेला हिशेबच पटतो, म्हणून हे पत्र.

फ्लॅट बीड बायपासजवळ आहे, दुसऱ्या मजल्यावर. इमारत नऊ वर्षांची. मालक ५८ लाख मागतात. दलाल १,०८० चौरस फूट सांगत होता, पण आम्ही दोघांनी टेप लावून मोजले तेव्हा आतली जागा ७२० भरली. उरलेले ३६० फूट म्हणजे जिना, लिफ्ट आणि येण्याजाण्याची वाट. त्यात आईचे देवघर काही मांडता येणार नाही. वापरायच्या जागेचा भाव त्यामुळे फुटाला आठ हजारांच्या वर जातो.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन, म्हणजे कोणता व्यवहार केवढ्याला झाला याची नोंद, पाहता येते. त्याच इमारतीतले तेवढेच दोन फ्लॅट गेल्या दीड वर्षात ४७ आणि साडेअठ्ठेचाळीस लाखांना गेल्याचे तिथे दिसले. कागदावर कमी आणि हातात रोख जास्त, ही रीत आपल्याकडे अजून गेलेली नाही, म्हणून तेच आकडे अंतिम मानता येत नाहीत. पण फरक दहा लाखांचा असेल असेही वाटत नाही. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर दलाल पुन्हापुन्हा पुढे करत होता. तो दर मुद्रांक शुल्काच्या हिशेबासाठी असतो. समोरचा माणूस प्रत्यक्षात किती देईल, हे त्यावरून कळत नाही.

आम्ही कर्जाचा अर्ज आधीच केला होता. बँकेच्या माणसाने येऊन घर पाहिले आणि ५१ लाख किंमत धरली. या रकमेच्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते आणि तेही मूल्यांकन व करार यांत जी किंमत कमी असेल तिच्यावर. म्हणजे ४० लाख ८० हजार. मालकांच्या भावाने घ्यायचे तर १७ लाख २० हजार आपले घालावे लागतील, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे तीन लाखांच्या वर. आमच्याजवळ साडेतेरा लाख आहेत. जे सात लाख कमी पडतात, त्यांच्यासाठीच बाबा एकर विकायला निघाले आहेत. पण बाबा, ज्या सात लाखांवर बँक एक रुपया द्यायला तयार नाही, नेमके तेच सात लाख आपण जमीन विकून भरणार आहोत.

दुसरा हिशेब भाड्याचा. खालच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट महिना १३,००० रुपयांनी दिलेला आहे, म्हणजे वर्षाचे १,५६,०००. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर आमचा हप्ता ३५,४०० च्या आसपास बसतो आणि पहिल्या वर्षी नुसते व्याजच साडेतीन लाखांच्या जवळ जाते. आपले घर म्हणून थोडे जास्त मोजायला माझी हरकत नाही. भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही विचारावे लागते. पण त्यालाही मर्यादा हवी.

मालकांचे म्हणणे, बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार असे २०२४ मध्ये जाहीर झाले आहे, तेव्हा थांबाल तर पस्तावाल. कारखाना येईल तेव्हा येईल. त्याची किंमत आजच आमच्याकडून का घ्यायची? शिवाय तिथले कामगार बीड बायपासला राहतील की पैठण रस्त्याला, हे कोणी सांगावे?

पाण्याचे मात्र कोणी बोलत नाही. जायकवाडी एवढे जवळ असून या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. मी वॉचमनच्या टेबलावरची टँकरची वही चाळली. एप्रिल-मेमध्ये जवळजवळ रोज दोन टँकर, आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणलेले आपण पाहिले आहे, त्यामुळे ती वही मला इमारतीत राहायला परवानगी देणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्राइतकीच महत्त्वाची वाटली. प्रमाणपत्र आहे, मी पाहिले.

आणखी एक. न्हाणीघरामागच्या खोलीत कपाटाशेजारी रंग ताजा दिसला. अंगठ्याने दाबले तर पापुद्रा आत गेला आणि बोटाला ओल लागली. किल्लारीच्या भूकंपात आपल्या घराचे मातीचे माळवद बसले तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यानंतर बाबा कोणत्याही घरात शिरले की आधी भिंतीवर बोटे वाजवतात. इतकी वर्षे मी त्याला हसत आले, आणि त्या दिवशी नकळत तेच केले.

आम्ही ५१ लाखांच्या वर जाणार नाही. तेवढ्यात व्यवहार झाला तर आमच्या साडेतेरा लाखांत शुल्कासह सगळे बसते. खतात माझे एकटीचे नाव घातले तर शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, ती यात धरली आहे. यांची त्याला संमती आहे. मालकांना दसऱ्यापर्यंत वेळ दिला आहे. त्यांनी नाही म्हटले तर आम्ही आहोत तिथेच राहू. आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस, आणि सातबाऱ्याचा विषय सध्या बाजूला ठेवा.

बाबा, येत्या रविवारी आम्ही पुन्हा घर पाहायला जाणार आहोत. शनिवारी लातूरहून एसटीने या. ओल नळाची आहे की वरच्या मजल्याची, ते मला ठरवता येत नाही, आणि तुमची बोटे माझ्यापेक्षा जुनी आहेत.

तुमची,
ताई