शब्दांच्या याद्या आणि तुझी झोप

नागपूर

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरईच्या सराव परीक्षेतील व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजीच्या भागाचे, गुण सांगितलेस आणि मी काही बोलण्याआधीच फोन ठेवलास. पोळ्याला घरी येणार नसल्याचे ताईला त्याआधीच कळवले होतेस. वाईट वाटले, पण मी रागावलेली नाही. मनाला लागून राहिले आहे ते एवढेच की तू मध्यरात्र उलटेपर्यंत जागून शब्दांच्या याद्या पाठ करतोस आणि सकाळी तसाच कामावर जातोस.

तू पाठवलेली उत्तरे मी सावकाश पाहिली. सोप्या रिकाम्या जागा तुझ्या फारशा चुकलेल्या नाहीत. गुण गेले आहेत ते उताऱ्यांत आणि दोन-तीन रिकाम्या जागांच्या लांब वाक्यांत, जिथे एक जागा चुकली तरी बाकीच्या बरोबर जागांचे काहीच मिळत नाही. अशा वाक्यांत 'ऑल्दो' किंवा 'नेव्हरदलेस' कुठे आले आहे आणि त्यामुळे अर्थ कोणत्या बाजूला वळला आहे, हे आधी पाहावे, त्या जागी काय म्हणायचे असेल ते स्वतःच्या शब्दांत मनाशी ठरवावे, आणि मगच पर्यायांकडे वळावे. सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नांत तू समानार्थी जोडी दिसताच ती उचलली आहेस, पण वाक्यात न बसणारी अशी जोडी तिथे मुद्दामच ठेवलेली असते. यादी कितीही पाठ केली तरी हे सुटणार नाही. त्यासाठी वाक्य वाचावे लागते, आणि वाचायला ताजे डोके लागते.

पुन्हा वर्गात उभी राहिल्यासारखी बोलू लागले. इतकी वर्षे इंग्रजी शिकवल्याची ही सवय आहे, मनावर घेऊ नकोस.

आबा रोज सकाळी व्हरांड्यात 'हितवाद' वाचीत, ते तुला आठवत असेल. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी नागपुरात सुरू केलेल्या या इंग्रजी वृत्तपत्राचा त्यांना फार अभिमान होता. अग्रलेखाचा एक परिच्छेद वाचून झाला की ते पेपर घडी करून मांडीवर ठेवीत आणि तुला विचारीत, "लिहिणाऱ्याचे म्हणणे काय, ते मराठीत सांग." तू चौथी-पाचवीत असशील, अर्धे शब्द अडत, तरी लेखक कोणाच्या बाजूने बोलतो आहे हे बहुधा बरोबर सांगायचास, आणि आबा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने शाबासकी देत. अकरावीला मराठी शाळेतून एकदम इंग्रजीत विज्ञान शिकायला गेलास, तेव्हाही बर्डीवरून आणलेला जुना शब्दकोश शेजारी ठेवून तू भौतिकशास्त्राचे पुस्तक ओळीने वाचून काढलेस. पाठांतराचा तुला तेव्हाही कंटाळाच होता. त्या मुलाला वाचता येत नाही, असे मला कोणी सांगितले तर मी ऐकून घेणार नाही, तू स्वतः सांगितलेस तरीही.

म्हणून रोज एकच उतारा घे, विज्ञानाबाहेरचा, इतिहासाचा किंवा कलेचा, आणि तो आबांच्या रीतीने स्वतःला मराठीत सांगून पाहा. नवा शब्द भेटला तर तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासह वहीत उतरवून ठेव. हे संध्याकाळी कर, रात्री नको. परीक्षेत व्हर्बलचे २७ प्रश्न ४१ मिनिटांत सोडवायचे असतात, आणि पहिल्या १२ प्रश्नांचा विभाग कसा गेला यावर दुसरा किती कठीण येईल हे ठरते. जागरणाने जड झालेले डोळे घेऊन त्या पहिल्या १८ मिनिटांना कसा सामोरा जाशील? दहावीच्या परीक्षेत तुझे डोके कसे दुखायचे, ते मी विसरलेली नाही. तिकडे रात्री कपाळाला बाम लावायला कोण आहे? असो, हे लिहायचे नाही असे ठरवले होते.

बाबा म्हणतात, त्याला त्याचे करू दे. ते स्वतः मात्र दिवसातून दोनदा विचारतात की तुझा फोन आला का.

परीक्षेची तारीख घाईने घेऊ नकोस. या वेळी मनासारखे झाले नाही तर २१ दिवसांनंतर पुन्हा बसता येते, आणि गुण ५ वर्षे ग्राह्य धरतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पैशांची काळजी आम्ही पाहू. पोळ्याला येणे जमत नसेल तर राहू दे, मी ताईच्या मुलाचा तान्हा पोळा करीन. रविवारी फोन कर, आणि रात्री किती वाजता झोपतोस ते खरे सांग.

तुझी,
आई