प्रसूतिकक्षातल्या कपाटाची किल्ली : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून कोणती औषधे द्यायची, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. औषधे आहेत, स्वस्त आहेत आणि काम करतात. अडचण अशी की ती एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचाराच्या केंद्रात, असतात आणि केंद्राला संध्याकाळी कुलूप लागते. कळा मात्र घड्याळ बघून सुरू होत नाहीत. आमचे हे पत्र त्या कुलपाबद्दल आहे.

काहीच उपाय केला नाही, तर एचआयव्ही असलेल्या शंभर मातांमागे १५ ते ४५ बाळांना लागण होते. काही बाळांना ती गर्भातच होते, काहींना पुढे अंगावरच्या दुधातून. मोठा वाटा मात्र प्रसूतीच्या त्या काही तासांचा असतो. कळांच्या जोरात वारेतून आईच्या रक्ताचा सूक्ष्म अंश बाळाकडे सरकतो, आणि बाळ बाहेर येताना योनिमार्गातले स्राव व रक्त त्याच्या डोळ्यांना, तोंडाला लागते, पोटातही जाते. आईच्या रक्तातला विषाणू औषधांनी आधीच दबलेला असेल तर हे सगळे घडूनही धोका एका टक्क्याच्या खाली राहतो. दबलेला नसेल, तर निदान बाळाच्या रक्तात त्या वेळी औषध असायला हवे.

हे १९९४ पासून माहीत आहे. अमेरिका आणि फ्रान्समध्ये झालेल्या ०७६ क्रमांकाच्या चाचणीत झिडोव्हुडिन हे एकच औषध तीन टप्प्यांत दिले गेले : गरोदरपणात गोळ्या, प्रसूतीच्या वेळी शिरेतून, बाळाला सहा आठवडे सिरप. लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. पुढे १९९९ मध्ये युगांडातल्या चाचणीने दाखवले, की कळा सुरू होताच आईला नेव्हिरॅपिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि बाळाला ७२ तासांच्या आत किलोमागे २ मिलिग्रॅमचा एक डोस, एवढ्यानेही लागण जवळपास निम्म्याने कमी होते. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तेव्हा ही गोळी मोजक्या प्रायोगिक केंद्रांपुरती ठेवली होती. ५ जुलै २००२ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हे बंधन उठवा, असा आदेश दिला. औषध उपलब्ध असूनही ते बाईपर्यंत पोहोचत नाही, हा तेव्हा कोर्टाचा विषय झाला होता. आज बंधन कागदावर नसते, ते किल्लीत असते.

त्या एका गोळीची किंमतही मोजावी लागली. नेव्हिरॅपिन रक्तात दोन-तीन आठवडे रेंगाळते. पातळी हळूहळू उतरत असताना विषाणू एका बदलाने त्याला जुमानेनासा होतो, आणि तीच स्त्री पुढे उपचाराला आली की ते औषध निकामी ठरते. म्हणून आता गरोदर स्त्रीला, तिचे सीडी-४ (एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) कितीही असोत, निदान होईल त्याच दिवशी तीन औषधांचा आजन्म उपचार सुरू करायचा असतो. मलावीने ही वाट २०११ मध्ये धरली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये. सध्याची नेहमीची गोळी टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम अशी एकत्रित असते, दिवसातून एक.

डोल्युटेग्रॅव्हिरचा खरा उपयोग उशिरा येणाऱ्या बाईला होतो. शेवटच्या तिमाहीत उपचार सुरू केलेल्या स्त्रियांवर युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत एक चाचणी झाली. डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्यांपैकी ७४ टक्के स्त्रियांचा व्हायरल लोड, म्हणजे मिलिलिटरभर रक्तातल्या विषाणूच्या कॉपींची संख्या, प्रसूतीपर्यंत ५० च्या खाली आला. एफाव्हिरेन्झ हे जुने औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात आलेल्या बाईला ‘आता काय उपयोग’ म्हणून पुढची तारीख देणे ही चूक आहे.

पण हीच गोळी एका साध्या गोष्टीने वाया जाते. गरोदर स्त्रीला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात, बहुधा त्याच खिडकीवर, त्याच पिशवीत. उपाशीपोटी सगळ्या एकदम घेतल्या तर लोह आणि कॅल्शियम पोटातच डोल्युटेग्रॅव्हिरला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही. जेवणासोबत घेतल्या तर एकत्र चालतात. नाहीतर एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या ॲसिडिटीच्या औषधाला जेवणाची सवलतही नाही, तिथे दोन आणि सहा तासांचे अंतर पाळावेच लागते. सिझेरियनच्या आधी असे औषध पाजले जात असेल, तर हे सिस्टरला माहीत हवे. पाकिटावर दोन ओळींचा शिक्का मारून हा प्रश्न सुटतो. त्यासाठी कार्यशाळा नको. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागते, म्हणजे एकत्रित गोळीसोबत बारा तासांनी सुटी गोळी. ती सुटी गोळी नेमकी साठ्यात नसते.

आता प्रसूतिकक्षाकडे येतो. तिथे सर्वांत आधी एकच माहिती हवी असते : शेवटचा व्हायरल लोड किती, आणि कधीचा. ३४ ते ३६ व्या आठवड्यात तपासणी करायची आहे ती याचसाठी. नमुना जातो, निकालही येतो, पण तो एआरटी केंद्राच्या संगणकात बसून राहतो आणि बाई वेगळ्याच केसपेपरवर प्रसूत होते. निकाल माहीत नसला की दोन्ही बाजूंनी चुका होतात. विषाणू दबलेल्या बाईचे विनाकारण सिझेरियन होते, आणि हजारावर कॉपी असलेल्या बाईला काहीच जादा मिळत नाही. आमची पहिली मागणी म्हणून साधी आहे : ३६ व्या आठवड्यापर्यंत तो आकडा तारखेसह बाईच्या प्रसूतीच्या कागदावर लिहिलेला असावा. बाहेरून दिसेल असा लाल शिक्का किंवा खाटेवरची पाटी नको. त्या पाटीच्या भीतीनेच बायका जुने कागद घरी ठेवून येतात, आणि मग आपण म्हणतो की स्थिती ‘माहीत नव्हती’.

कळा देणाऱ्या बाईची रोजची गोळी चुकवायची नसते. सिझेरियनसाठी उपाशी ठेवले असले तरी घोटभर पाण्यासोबत ती द्यायची. व्हायरल लोड हजाराच्या वर असेल किंवा ठाऊकच नसेल, तर अनेक देशांच्या नियमावलीत शिरेतून झिडोव्हुडिन आहे : पहिल्या तासात किलोमागे २ मिलिग्रॅम, नंतर नाळ बांधेपर्यंत दर तासाला किलोमागे १. ठरवून सिझेरियन करायचे असेल तर शस्त्रक्रियेच्या तीन तास आधी सुरू. हिशेब करून पाहा. ६० किलोच्या बाईला तीन तासांसाठी १२० अधिक ६० अधिक ६०, म्हणजे २४० मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या. तिच्या कळा दहा तास चालल्या तर ६६० मिलिग्रॅम, चार कुप्या. कपाटात एक कुपी ठेवून ‘साठा उपलब्ध’ असे लिहिणे निरर्थक आहे. हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून, मिलिलिटरला ४ मिलिग्रॅमपेक्षा घट्ट नाही अशा बेताने द्यायचे, आणि ज्या नळीतून रक्त चालू आहे तिच्यात मिसळायचे नाही.

बाकी काळजी हाताची आहे. पाणमोट उगाच फोडू नये, बाळाच्या डोक्याला टोचणारा इलेक्ट्रोड लावू नये, चिमटा, व्हॅक्यूम आणि छेद गरज असेल तरच. नाळ उशिरा, एक ते तीन मिनिटांनी, बांधायला एचआयव्ही आड येत नाही. घाईने कापण्याची प्रथा अजून दिसते, तिला आधार नाही. रक्तस्राव झाला तर एक सापळा आहे. बाई रिटोनाव्हिरसह लोपिनाव्हिर किंवा ॲटाझानाव्हिर या एचआयव्हीच्या औषधांवर असेल, तर रक्तस्राव थांबवण्यासाठी दिलेल्या मिथाइल अर्गोमेट्रिनने रक्तवाहिन्या धोकादायक आवळल्या जाऊ शकतात. तिथे ऑक्सिटोसिन आधी. डोल्युटेग्रॅव्हिरवर असलेल्या बाईला ही अडचण नाही.

आणि जी कधीच तपासली गेली नाही, ती पहिलटकरीण रात्री अडीचला येते. तिची संमती घेऊन लगेच रॅपिड टेस्ट करायची. उत्तर अर्ध्या तासाच्या आत मिळते. किटवर छापलेली वाचायची वेळ उलटल्यावर उमटलेली रेघ ग्राह्य धरायची नाही, हे रात्रपाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानाच्या पुढच्या चाचण्या होईपर्यंत थांबायचे नाही. आईला तीन औषधांची गोळी, बाळाला जन्मताच सिरप. निदान खोटे ठरले तर औषध थांबवता येते. निसटलेले तास परत आणता येत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांतली निगेटिव्ह चाचणीही पुरेशी नसते. गरोदरपणातच नव्याने लागण झालेल्या स्त्रीचा व्हायरल लोड प्रचंड असतो आणि तिच्या कागदावर मात्र ‘निगेटिव्ह’ लिहिलेले असते. जिथे लागणीचे प्रमाण जास्त आहे तिथे शेवटच्या तिमाहीत पुन्हा तपासणी हवी.

बाळाच्या डोसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ इथे होतो. जन्मवजन अडीच किलो किंवा जास्त असेल तर नेव्हिरॅपिन १५ मिलिग्रॅम, म्हणजे १.५ मिली, दिवसातून एकदा. दोन ते अडीच किलोच्या बाळाला १ मिली. दोन किलोच्या खाली किलोमागे २ मिलिग्रॅम. हे सहा आठवडे. पण आईला प्रसूतीपूर्वी चार आठवडेही उपचार मिळाला नसेल, शेवटच्या चार आठवड्यांत तिचा लोड हजारावर असेल, किंवा लागण गरोदरपणात नव्याने झाली वा आत्ताच उघड झाली असेल, तर एक औषध पुरत नाही. तेव्हा नेव्हिरॅपिनसोबत झिडोव्हुडिन, अडीच किलोवरच्या बाळाला १.५ मिली दिवसातून दोनदा. अंगावर पाजत असेल तर पुढचे सहा आठवडेही औषध चालू. त्या काळात नेव्हिरॅपिन एकटे द्यायचे ठरले तर २ मिली रोज. झिडोव्हुडिनने बाळाचे हिमोग्लोबिन उतरू शकते, म्हणून तेही पाहायला हवे.

बाटल्यांचा हिशेब यावरूनच निघतो. कमी धोक्याच्या बाळाला ६३ मिली नेव्हिरॅपिन लागते, १०० मिलीची एक बाटली पुरते. अंगावर पिणाऱ्या जास्त धोक्याच्या बाळाला बारा आठवड्यांत १४७ मिली नेव्हिरॅपिन आणि सहा आठवड्यांत १२६ मिली झिडोव्हुडिन, म्हणजे प्रत्येकी दोन बाटल्या. खरेदी २४० मिलीच्या मोठ्या बाटल्यांची झाली की औषध छोट्या बाटल्यांत ओतून वाटले जाते. मग लेबल हाताने लिहिले जाते, बाटली हलवून घ्यायची सूचना राहून जाते, आणि तोंडाने औषध द्यायची सिरिंज सोबत नसली की आई चमच्याने अंदाज करते. अंदाजाने दीडचे पाच मिली सहज होतात. बाटलीसोबत सिरिंज आणि तिच्यावर योग्य रेघेशी चिकटवलेली रंगीत पट्टी, एवढे खरेदीच्या अटींतच घाला.

घरी जाताना आईच्या हातात पूर्ण मुदतीचे औषध हवे. ‘आठवड्याने येऊन घेऊन जा’ या एका वाक्यात बरीच बाळे हरवतात. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, चीकासकट. मध्येच वरचे दूध सुरू केले की आतड्याच्या आवरणाला इजा होते आणि लागणीचा धोका वाढतो. आईने स्वतःची गोळी चालू ठेवणे हेच तिथे बाळाचे मुख्य संरक्षण असते, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांतच ती सर्वाधिक सुटते. चार ते सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कार्डवर घेऊन विषाणूची थेट तपासणी, त्याच भेटीत कोट्रायमॉक्साझोल हे जंतुसंसर्ग टाळणारे औषध सुरू. अँटिबॉडी टेस्ट इथे उपयोगाची नाही, कारण आईच्या अँटिबॉडी बाळात अठरा महिन्यांपर्यंत राहतात. कार्ड उन्हात किंवा पंख्याच्या गरम झोतात वाळवले, ओले असताना पाकिटात घातले, तर प्रयोगशाळा ते परत पाठवते आणि आईला पुन्हा बोलवावे लागते. उपचाराविना राहिलेल्या लागण झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात, म्हणून तो निकाल किती दिवसांत येतो हेही आपण विचारावे.

क्यूबाला २०१५ मध्ये, थायलंडला २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लागणीचे उच्चाटन केल्याची मान्यता दिली. स्तनपान देणाऱ्या लोकसंख्येत लागण ५ टक्क्यांच्या खाली, न देणाऱ्यांत २ टक्क्यांच्या खाली, अशी ती अट आहे. तिथवर जायला नवे औषध लागत नाही.

आमच्या मागण्या प्रसूतिकक्षाच्या एका कपाटात मावतात : रॅपिड टेस्टची किट, आईसाठी तीन औषधांच्या गोळ्या, शिरेतून द्यायचे झिडोव्हुडिन, बाळाची दोन्ही सिरपे, सिरिंजा आणि आतल्या बाजूला चिकटवलेला वजनानुसार डोसचा तक्ता. किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे. डॉक्टर येईपर्यंत न थांबता पहिला डोस देण्याचा लेखी अधिकारही तिलाच. आणि प्रसूतीच्या रजिस्टरमध्ये एक नवा रकाना : जन्माची वेळ आणि बाळाच्या पहिल्या डोसची वेळ, शेजारी शेजारी. या दोन वेळांतले अंतर सहा तासांहून जास्त असलेल्या नोंदी दर महिन्याला आपल्या टेबलावर याव्यात, आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिलेले असावे.

आपले,
प्रसूतिकक्ष, एआरटी केंद्र आणि औषधभांडारात काम करणारे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते व समुपदेशक