मंत्री साहेब, आधी विचारायचं होतं ना!

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी नागपूर आणि आजूबाजूच्या भागाच्या वाहतूक आराखड्याचं प्रेझेंटेशन झालं, तेव्हा स्टेजवरून सांगितलं होतं की पर्यावरणाच्या संस्थांना विचारल्याशिवाय एकही लाईन फायनल होणार नाही. टाळ्या आम्हीच वाजवल्या. आता आमच्या गल्लीतल्या कडुलिंबांवर तोडणीसाठी पिवळ्या पेंटनं नंबर पडले आहेत. कोणाला विचारलं म्हटलं तर साहेब साईटवर गेले, उद्या या.

त्यात परवाचा पाऊस. समोरचा रस्ता सिमेंटचा केला तेव्हा जुना खरवडलाच नाही, त्याच्यावरच थर ओतला, आता रस्ता ओट्याच्या वर आणि घर खड्ड्यात. पाणी डायरेक्ट हॉलमध्ये. फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, दिवाणातल्या गाद्या गेल्या, वर्षाच्या गव्हाची कोठी खालून ओली, बायकोनं गहू गच्चीवर पसरवले तर पुन्हा आभाळ आलं. आईला खुर्चीसकट उचलून पलंगावर ठेवलं तर ती म्हणे, "काऊन रे, अंबाझरी फुटली का?" २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ती अजून विसरली नाही, तेव्हा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी लोकांच्या बेडरूमपर्यंत गेलं होतं. नेते आले, गुडघाभर पाण्यात फोटो काढले, गेले.

आणि विचारायला दिल्लीला जायचं होतं का हो? पर्यावरणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था नीरी इथेच, राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय इथेच सिव्हिल लाईन्सला, जमिनीचा सर्व्हे करणारी राष्ट्रीय संस्था अमरावती रोडला, भूगर्भवाले सेमिनरी हिल्सला, केंद्रीय भूजल बोर्डाचं ऑफिसही गावातच. एका सकाळी स्कूटरवर सगळे होतात, शंभर-दोनशेचं पेट्रोल, पाहिजे तर मी भरून देतो.

कायदा दाखवू नका मला. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासायला लावणाऱ्या २००६ च्या ईआयए अधिसूचनेत मेट्रो बसतच नाही आणि राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किमीच्या आत ठेवलं की पर्यावरण मंजुरीची कटकट नाही. तो कायदा एकेक प्रकल्प पाहतो, अख्खा आराखडा पाहतच नाही. म्हणजे इथे एक उड्डाणपूल, तिथे एक रिंगरोड, प्रत्येकाचं नुकसान "किरकोळ", आणि सगळ्याची बेरीज करायला कोणीच नाही. मग काम अर्धं झाल्यावर तज्ज्ञांची समिती बसवता, वरात निघाल्यावर पत्रिका जुळवायला बसल्यासारखं! इंग्लंडमध्ये २००४ पासून नियम आहे, असा प्लॅन करायचा तर पर्यावरण अहवालात काय काय तपासायचं हेच आधी नॅचरल इंग्लंड, हिस्टॉरिक इंग्लंड आणि एन्व्हायर्नमेंट एजन्सी या निसर्ग, वारसा आणि पर्यावरण पाहणाऱ्या सरकारी संस्थांना विचारावं लागतं, ५ आठवडे देतात त्यांना. आपल्याकडे ५ मिनिटं तरी दिली का?

बरं, आपल्याकडे होतच नाही असंही नाही. पेंचच्या वाघांच्या जंगलातून जाणाऱ्या एनएच ४४ वर कोर्टकचेरी झाली, भारतीय वन्यजीव संस्थेचा सल्ला घ्यावा लागला, प्राण्यांसाठी ९ ठिकाणी खालून वाट ठेवली आणि आज वाघ तिथून जाताना कॅमेऱ्यात दिसून राहिले. वाघाला अंडरपास मिळते, आम्हाला नाली पण नाही. आमचा नंबर लागायला अंगावर पट्टे पाहिजे बहुतेक.

इथल्याच अजनी भागातली झाडं वाचवायलाही लोकांनाच रस्त्यावर यावं लागलं. राज्यानंच २०२१ मध्ये कायद्यात टाकलं की ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज. आमचे कडुलिंब माझ्या मुंजीच्या आधीचे आहेत, मी आता रिटायर झालो, हिशेब तुम्हीच करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा भाजीवाले, रिक्षावाले, कुरियरची पोरं सगळे त्याच सावलीत थांबतात, तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये त्यांची स्लाईड नव्हती. आम्ही टॅक्स भरायचा, बिलं भरायची, आक्षेप नोंदवायचा, पोच घ्यायची आणि शेवटी ठेकेदार सांगणार रस्ता कुठून जाईल ते. लोकशाही म्हणे.

मागणी एवढीच आहे. आराखड्यावर कोणत्या संस्थेला काय विचारलं आणि तिनं काय लेखी दिलं, ते मराठीत, तारखेसकट जाहीर करा, आणि विचारलंच नसेल तर आता विचारा, तोवर त्या नंबरांना हात लावू नका. आणि कृपा करून "आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे" असं उत्तर पाठवू नका, तसल्या पत्रांची एक फाईल घरी आहे, ती पण भिजली.

एक वैतागलेला नागपूरकर