पहिली पसंती मनातलीच भरावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या आठवड्याच्या शिक्षणविषयक पुरवणीत अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम भरणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘मिळण्याजोगे महाविद्यालय सर्वांत वर ठेवा’ असा सल्ला दिला आहे. त्याच पुरवणीत, दोनच पानांनंतर, अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे प्रा. ॲल्विन रॉथ यांचा चार ओळींचा परिचय आहे. आणि गंमत अशी की हा सल्ला कुठे खरा ठरतो व कुठे खोटा, हे शोधण्यात या गृहस्थांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे गेली आहेत.

परिचयात त्यांना ‘गेम थिअरीचे अभ्यासक’, म्हणजे एकमेकांच्या चालींवर अवलंबून असणाऱ्या निर्णयांच्या गणिताचे अभ्यासक, म्हटले आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या या मुलाने शाळा पूर्ण न करताच कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला, १९७१ मध्ये ऑपरेशन्स रिसर्चची (कामकाजाच्या नियोजनाचे गणित) पदवी मिळवली आणि १९७४ मध्ये स्टॅनफर्डमधून पीएच.डी. केली. मधल्या काळात पात्रता परीक्षेतला एक पेपर नापासही झाला होता. (आमच्या पिढीतल्या शिक्षकांना हे वाचून बरे वाटेल.) इलिनॉयमध्ये आणि १९८२ पासून पिट्सबर्गमध्ये शिकवताना त्यांनी प्रमेयांच्या जोडीला प्रयोग हाती घेतले, आणि १९८४ मध्ये नवशिक्या डॉक्टरांना रुग्णालये नेमून देणाऱ्या अमेरिकी व्यवस्थेवर एक निबंध लिहिला. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये कागदावर मांडलेली पद्धत डॉक्टरमंडळी त्याआधी दहा वर्षे, ठेचा खात शोधून, मुळातच वापरत होती, असे त्यात त्यांनी दाखवले. २०१२ चे नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना विभागून मिळाले. गेल २००८ मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांचे नाव पुरस्कारात नाही, ‘गेल-शॅप्ली’ या पद्धतीच्या नावात मात्र आहे.

ती पद्धत अशी. विद्यार्थी आधी आपल्या पहिल्या पसंतीचे दार ठोठावतो. संस्था त्याला लगेच पक्का होकार देत नाही, नुसते धरून ठेवते, आणि त्याच्याहून वरचा क्रमांक असलेला कोणी आला तर सोडून देते. सुटलेला विद्यार्थी दुसऱ्या दाराशी जातो, आणि उशिरा आला म्हणून तिथे त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. त्यामुळे दार ठोठावणाऱ्या बाजूला खोटा क्रम लिहून कधीच फायदा होत नाही, हे रॉथ यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले. अमेरिकेत पूर्वी दार ठोठावण्याचा मान रुग्णालयांकडे होता. रॉथ यांनी नव्याने बेतलेल्या आणि १९९८ पासून लागू झालेल्या व्यवस्थेत तो उमेदवारांकडे आला.

याउलट बॉस्टनच्या शाळांत २००५ पर्यंत पहिल्या फेरीतले प्रवेश तिथल्या तिथे पक्के होत. तिथे मोठी उडी मारणाऱ्याची दुसऱ्या पसंतीची शाळाही भरून जाई, म्हणजे आपल्या पुरवणीतला सल्ला तिथे अगदी योग्य होता. न्यूयॉर्कमध्ये रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पद्धत बदलून दिली. त्याआधी तीस हजारांवर मुलांना यादीत न लिहिलेली शाळा गळ्यात पडत असे, पहिल्याच वर्षी हा आकडा सुमारे तीन हजारांवर आला.

आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटी यांच्या जागा २०१५ पासून एकत्रित वाटल्या जातात, आणि त्या वाटपाच्या मुळाशी गेल-शॅप्लींचीच पद्धत आहे. तरीही परवा आमच्या दांडिया बाजारातल्या घरी काय घडले ते सांगते. नातीने लॅपटॉपवर गांधीनगरची आयआयटी वर आणि सुरतची एनआयटी तिसऱ्या क्रमांकावर ठेवली होती. शेजारच्या काकांनी आपली पुरवणी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “बाळ, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. सुरत वर घे.” तिने माझ्याकडे पाहिले आणि निमूटपणे सुरत वर ओढले. काकांचा हेतू चांगलाच होता. पण सुरत वर असताना ती जागा मिळाली, तर गांधीनगरला तिचा क्रमांक बसत होता की नाही, हे संगणक पाहणारच नाही. उलट गांधीनगर वर ठेवून ते मिळाले नाही, तर सुरतेत तिचा क्रमांक जिथे होता तिथेच राहतो.

चहाच्या कपबशा बाजूला सारून मी काकांना कागदावर तीन मुले आणि तीन महाविद्यालये काढून हे सारे करून दाखवले. तिसऱ्या खेपेला त्यांना पटले, आणि गांधीनगर पुन्हा वर गेले. यादी लॉक करायला आता थोडेच दिवस उरले आहेत, आणि बडोद्यातल्या इतर घरांतही ती पुरवणी टेबलावर असेल. म्हणून विनंती, की या वाटपापुरता तरी तो सल्ला मागे घेतल्याची दुरुस्ती पुढच्याच अंकात, पहिल्या पानावर छापावी.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे