स्टुडिओत कुणी आहे का?

महोदय,

रेडिओवरच्या निवेदकांच्या भवितव्यावरचा आपल्या कालच्या पुरवणीतला लेख वाचला. आरजेच्या जागी एआयचं (कृत्रिम बुद्धिमत्तेचं) यंत्र बोललं तरी श्रोत्याला फरक कळत नाही म्हणे! लेखकमहाशय शेवटचा रेडिओ कधी ऐकून आले, तेही छापलं असतंत तर बरं झालं असतं.

फरक कळतो. मी रात्रपाळीचा माणूस, वीसेक वर्षं रेडिओच्या सोबतीने रात्री काढतोय. दोनेक वर्षांपूर्वी एका खासगी केंद्रावर रात्री पावणेदोनला गाणं अडकलं. मुखड्यातले तीन शब्द, पुन्हा तेच तीन शब्द. बारा मिनिटं! (घड्याळ समोरच होतं.) त्याच्या जरा आधी निवेदिकाबाई लाडात येऊन म्हणाल्या होत्या, ‘मी जागी आहे, तुमच्यासाठी. फोन करा ना!’ म्हणून केला. खूप वेळ वाजल्यावर तो रखवालदाराने उचलला. ‘मॅडमना सांगा, गाणं अडकलंय,’ म्हटलं. तो म्हणाला, ‘मॅडम दुपारीच गेल्या. रात्री इथे मी आणि कॉम्प्युटर.’ मग जरा थांबून, ‘कुठलं गाणं?’ त्याच्याकडे रेडिओच नव्हता. मी फोन आमच्या रेडिओजवळ धरला, दोघांनी मिळून ऐकलं. ‘त्या खोलीची किल्ली माझ्याकडे नसते हो,’ एवढं बोलून त्याने बिचाऱ्याने फोन ठेवला.

याला त्या धंद्यात व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. चार तासांच्या कार्यक्रमातली बडबड थोडक्या वेळात रेकॉर्ड करून मोकळं व्हायचं. गाणी आणि जाहिरातींमध्ये ती सॉफ्टवेअर गुंफत बसतं. तेव्हा लेखकाला जी उद्याची क्रांती वाटते, तिचं निम्मं काम कधीच उरकलंय. आता दुपारी येऊन जाणाऱ्या त्या बाईंचाही पगार वाचवायचा, एवढंच बाकी आहे.

सिडनीचा दाखला लेखकाने कौतुकाने दिलाय. कॅडा या केंद्रावर ‘थाय’ नावाची निवेदिका सहा महिने बोलत होती आणि ती यंत्राची आहे हे एप्रिल 2025मध्ये बाहेर आलं. अहो, सांगितलंच नव्हतं, मग कळणार कसं? खिसा कापलेलाही लगेच कळत नाही, म्हणून काय कापून घ्यायचा? पोलंडमधलं क्राकूव्ह मात्र लेखात नाही. तिथल्या एका रेडिओ केंद्रावर ऑक्टोबर 2024मध्ये सांगूनसवरून तीन यंत्र-निवेदक बसवले, 2012 साली वारलेल्या कवयित्री शिंबोर्स्का यांची ‘मुलाखत’सुद्धा घेतली. लोक इतके खवळले की आठवड्याभरात गाशा गुंडाळावा लागला. ते केंद्र सार्वजनिक होतं, जाहिरातींवर जगणारं नव्हतं, हे मान्य.

माझं गाणं अडकलं म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. पण अमेरिकेतल्या मायनॉट गावी जानेवारी 2002मध्ये मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरून अमोनिया पसरला, तेव्हा लोकांना सावध करायला पोलीस रेडिओ केंद्राला फोन करत राहिले आणि तिथे कुणी मिळेना. गावातली सहा व्यावसायिक केंद्रं एकाच कंपनीची. माणूस होता, लाइनी तुंबल्या होत्या, असं कंपनीने मागाहून सांगितलं. असेलही. आमच्या रखवालदाराने निदान फोन उचलला.

आता जिवंत आरजे म्हणजे काही फार थोर असं नाही. गाण्याच्या सुरुवातीच्या सुरावटीवर बोलत सुटणाऱ्यांना मी भरपूर शिव्या घातल्यात. पण शिव्या घालायला समोर कुणी असावं लागतं.

जाता जाता, कालच्या लेखाखाली नाव का नव्हतं? साधं ‘प्रतिनिधी’ही नाही. मागच्या महिन्यात माझ्या पत्राची शेपटी छाटलीत, तेव्हा विचारायला आपल्या कार्यालयात फोन केला होता. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा, असं करत शेवटी नऊ मिनिटं गाणंच ऐकवलंत. अडकलं नाही, हे मात्र कबूल.

– रात्रपाळीचा एक वाचक