आई-बाबा, मी अजून थोडं इथेच राहतेय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला धीर होईना, म्हणून लिहितेय. इथलं आर्मेनियातलं काम मी पुढे चालू ठेवायचं ठरवलंय. करारावर सहीही केली. त्यामुळे दिवाळीला कायमची घरी यायचं आपलं ठरलं होतं ते लांबेल. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस, आधी पुढचं ऐक. आणि बाबा, वाचून तुम्हीच दाखवणार, तर चष्मा लावून वाचा.

मला परदेशाचा मोह पडला असं दादा म्हणेल. तसं नाही. दुसरं कुठलंही काम असतं तर मी आत्ता बॅग भरत असते. पण हे गेघार्द आहे, डोंगरात कोरलेला जुना ख्रिस्ती मठ. बाबा, वेरूळला कैलासासमोर मला खांद्यावर घेऊन तुम्ही सांगायचात ना, हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगरातून मोकळं केलंय, आधी कळस मग पाया! इथे आझात नदीच्या घळीत तेराव्या शतकातले कारागीर तसेच वरून खाली कोरत उतरले. छताच्या मध्यावर उजेडासाठी एक भोक, आणि त्याखाली खांब, कमानी, वेदी, सगळं एकाच खडकात. गाल्दझाक नावाच्या स्थपतीने आपलं नावही आत कोरून ठेवलंय. पहिल्यांदा आत उभी राहिले तेव्हा बाबा, तुमचा हात शोधला मी.

सगळंच कोरीव नाही. मुख्य चर्च घडीव दगडाचं, १२१५ सालचं. जॉर्जियाच्या राणी तामारचे सेनापती झाकारे आणि इवाने या भावांच्या आश्रयाने उभं राहिलेलं. दक्षिणेच्या दर्शनी भिंतीवर डाळिंबं, द्राक्षं आणि बैलावर झेपावलेला सिंह. पुढे प्रोश नावाच्या सरदाराने मठ विकत घेतला आणि त्याच्या घराण्याने खडकातली दालनं कोरवून घेतली. एका भिंतीवर साखळीने बांधलेले दोन सिंह आणि कोकरू धरलेला गरुड, हे त्यांचं चिन्ह. वरच्या १२८८ च्या दालनात चार जाड खांब आहेत. तिथे गायलेला सूर विरता विरत नाही. कोणी नव्हतं तेव्हा मी तुझी भूपाळी म्हटली आई, आणि खूप रडले.

आणि तो झरा! कोरीव चर्चच्या आत अजून वाहतो. ख्रिस्ती धर्म यायच्या आधीपासून लोक त्याला पवित्र मानत. चौथ्या शतकात संत ग्रेगरीने तिथेच मठ स्थापला असं मानतात. ९२३ साली अरबांच्या स्वारीत जुनं सगळं गेलं, झरा राहिला. माणसं ओंजळीने पाणी पितात, डोळ्यांना लावतात. तू असतीस तर गडू भरून आणला असतास.

पण हाच खडक पाणी झिरपवतो. हिवाळ्यात ते भेगांत गोठून फुगतं आणि कोरीव नक्षी सुटते. कुठली भेग किती उघडते हे थंडी आणि बर्फ वितळणं, दोन्ही पाहिल्याशिवाय कळत नाही. अर्ध्यावर सोडलं तर आजवरच्या मोजण्या वाया जातील. बाबा, तुम्ही तरी सोडलं असतंत का?

आई, तू भूकंपाचं विचारलं होतंस. किल्लारीनंतर तुझी झोप कशी उडाली होती ते मला ठाऊक आहे. खोटं सांगत नाही, हा भूकंपाचाच देश आहे. १९८८ साली उत्तरेकडे फार माणसं गेली. जवळचं गार्नीचं मंदिर १६७९ च्या भूकंपात कोसळलं होतं. पण गेघार्दची खडकातली दालनं त्यातूनही टिकली, आणि आम्ही एकटं कधीच काम करत नाही.

राहायचं म्हणाल तर खोली उबदार आहे, गरम पाणी चोवीस तास. मात्सुन म्हणजे आपलं दहीच, तेव्हा दहीभात होतो. लवाश म्हणजे इथली पातळ रोटी, तंदुरीसारख्या भट्टीतून ताजी मिळते. मठाबाहेर बायका गाता नावाची गोड भाकरी विकतात. त्यातली एक मावशी माझ्यासाठी लहानशी बाजूला काढून ठेवते. मी उपाशी नाही, बारीकही झाले नाही.

आता तुमचं. बाबा, माळ्यावर चढायचं नाही, पंखा पुसायलासुद्धा. बीपीची गोळी सकाळचीच, चहाआधी. आई, गुडघ्याची तारीख पुढे ढकलू नकोस. मी सुट्टी काढून ऑपरेशनला येणार आहे, ते पक्कं. आप्पांच्या वेळी झालं तसं ह्या वेळी होणार नाही, मी दादाशी बोललेय. दुपारच्या डब्याला नाही म्हणू नका, पैसे मी भरलेत. तुझ्या हातची चव त्याला येणार नाही, मान्य, पण तुला ओट्याशी उभं राहायचं नाहीये.

दोन्ही घड्याळांत दीडच तासाचा फरक आहे. रात्री नऊला फोन करीन, जवळ ठेवा, आवाज बंद करू नका.

तुमची,
चिमी